आरशाचा नट

टेम्पोत आडवी झोपून आली येझदी
सातपूरला, माझ्या गॅरेजात.
टाकीत चार वर्षांचं पेट्रोल,
वास थेट वॉर्निशचा.
सोबत करुणा गांगुर्डे. एका लॅबमध्ये
लोकांचं रक्त तपासते.
अडतीस हजार मोजले म्हणाली,
घरी अजून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुने मालकही हजर.
मोगल. नोटप्रेसमध्ये फिटर होते,
रिटायर होऊन अठरा वर्षं.
काका, विकलीय ना?
विकलीय.
मग?
मग काही नाही, बसतो.
आणि स्टूल ओढून बसलेच.

गाडी उघडली की माणूस दिसतो.
हे मी बोलत नाही, गिऱ्हाइकं अवघडतात.
ब्रेकचं पेडल जवळपास कोरं:
याला थांबायची घाई कधी नव्हती, मुळात हळूच असायचा.
क्लच लांब सोडलेला: बोटं लांब.
मागचे फूटरेस्ट मात्र डावीकडचाच झिजलेला,
उजव्याचं रबर नवं करकरीत.
सीटखाली फडकं, साडीचं,
जांभळा काठ अजून शाबूत.
त्यानं मी हात पुसले नाहीत. का, ते माहीत नाही.

बॅफल कॉस्टिक सोड्यात उकळले,
पत्र्याच्या डब्यात काजळीचा रस्सा.
पॉइंटचा गॅप मोगलांनी स्वतः पाहिला.
खिशातून दहाची कोरी नोट काढली,
दोनदा दुमडली. ही अडखळत सरकली पाहिजे.
फीलर गेज आहे काका माझ्याकडं.
असू दे.
जन्मभर जे छापलं
त्यानंच मोजणार माणूस.

करुणा जेमतेम पाच फूट.
सीटचा फोम दीड बोट तासला,
लिव्हर ओढून तिच्या बोटांशी आणली,
हँडल जरा मागं घेतलं.
दर वेळी पाना फिरला की मोगल
समोरच्या कंपनीचं गेट बघत.

अडला तो आरसा.
उजवा, एकुलता एक. नट गंजून दांडीशी एकजीव.
रॉकेल सोडून रात्रभर ठेवला.
सकाळी बसून पाहिलं तर मागचा रस्ता दिसेचना,
माझा खांदा, आणि खांद्यामागं
थोडी रिकामी हवा.
काका, हा वाकडा कसा बसवला?
वाकडा नाही, ते म्हणाले.
गार झालेल्या चहावर उगाच फुंकर घातली.

करुणाला माझ्याआधी कळलं असावं.
तिनं माझ्या हातातला पाना धरला.
राहू द्या तसाच. मी मान वळवून बघत जाईन.

काही नको, मोगल उठले.
पपया नर्सरीपाशी ट्रक मागून अंगावर येतात.
दहा-अकराचा पाना घेतला,
डावा हात आरशाच्या पाठीवर, तापलेलं कपाळ बघावं तसा,
आणि जोर दिला.
कट्ट.
नट सुटला. काचेत त्र्यंबक रोड आला,
रिक्षा, उसाची गाडी, धूळ.

एकच दांडी. आत दाबून उभी केली की किक,
आडवी पाडली की गिअर.
हे तिला तीनदा सांगावं लागलं.
नवव्या किकेला
दोन्ही सायलेन्सर एकदम खोकले,
निळा धूर, शेजारचं कुत्रं गायब,
आणि ती हसली, घरी न सांगितलेलं सगळं हसली.

गेली. मोगल डोळे मिटून उभे.
दुसरा टाकला.
तिसरा जरा लवकर टाकला.
शिकेल.
मग कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला
आणि त्यात तो आवाज हरवला.

टूलबॉक्सवर दहाची नोट पडली होती,
चार पदरी, कडेला तेलाचा ठिपका.
त्यांनी उचलली, मांडीवर ठेवून सरळ केली,
उजेडात धरून सवयीनं तपासली,
आणि चहावाल्या पोराला दिली.